माणसाचा ताळेबंद

व्यापारी कुटुंबांत शरीराच्या दुखण्याविषयी मोकळेपणाने बोलले जाते. साखर किती, रक्तदाब किती, औषध कोणाचे चालू आहे, याची चौकशी लग्नाच्या पंगतीतही होते. मनाच्या दुखण्याविषयी मात्र घराबाहेर एक अक्षर जात नाही आणि त्याला कारणही आहे. ज्या घराची मिळकत दिलेल्या शब्दावर आणि बाजारातील विश्वासावर उभी असते, त्या घरचा कर्ता पुरुष खचला आहे ही वार्ता पेढीबाहेर गेली, तर उधारीवर माल देणारे दुसऱ्याच दिवशी तगादा लावतील, ही भीती अगदीच निराधार नसते. म्हणून दुखणे दडपले जाते, आणि दडपलेल्या जागीच ते वाढत राहते.

या लेखात ज्यांचा परिचय करून द्यावयाचा आहे ते अल्बर्ट एलिस हे विसाव्या शतकातील एक अग्रगण्य अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ होत. १९८२ साली अमेरिका व कॅनडा येथील मानसशास्त्रज्ञांची एक पाहणी झाली. सर्वांत प्रभावी मानसोपचारतज्ज्ञ कोण, या प्रश्नाच्या उत्तरात कार्ल रॉजर्स यांचा क्रम पहिला, एलिस यांचा दुसरा आणि सिग्मंड फ्रॉईड यांचा तिसरा लागला. परंतु आपल्या वाचकांना त्यांच्याविषयी आपुलकी वाटावी असे कारण निराळेच आहे. एलिस हे मुळात वाणिज्य शाखेचे विद्यार्थी आणि काही काळ चक्क व्यापारी होते.

त्यांचा जन्म २७ सप्टेंबर १९१३ रोजी पिट्सबर्ग येथे झाला आणि बालपण न्यूयॉर्कमध्ये गेले. वडील उद्योगधंद्यानिमित्त सतत फिरतीवर, आईचे घराकडे फारसे लक्ष नाही. तीन भावंडांत अल्बर्ट थोरले. लहान वयातच मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांना वारंवार रुग्णालयात राहावे लागले. घरी असत तेव्हा गजराचे घड्याळ लावून स्वतः उठायचे आणि धाकट्या भावा-बहिणीला उठवून तयार करायचे, हे काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतले होते. हिशेबनीस व्हावे, तिसाव्या वर्षापर्यंत पुरेसा पैसा गाठीशी बांधावा आणि मग निश्चिंतपणे कादंबऱ्या लिहीत बसावे, असा त्यांचा बेत होता. १९२९ नंतरच्या महामंदीने तो उधळून लावला. तरीही १९३४ साली त्यांनी व्यवसाय प्रशासनाची पदवी मिळवली आणि भावाच्या भागीदारीत एक धंदा सुरू केला. सुटातील पँट आधी झिजते, कोट मात्र पुष्कळ दिवस चांगला राहतो. तेव्हा गिऱ्हाइकाच्या कोटाला जुळेल अशी पँट लिलावातून शोधून आणून द्यावयाची. मंदीच्या दिवसांत सुचलेली ही कल्पना कापडाच्या धंद्यातील वाचकांना निश्चितच आवडेल. पुढे १९३८ मध्ये ते भेटवस्तूंच्या एका व्यापारी संस्थेत कर्मचारी व्यवस्थापक झाले. मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी त्यांनी १९४३ साली आणि डॉक्टरेट १९४७ साली कोलंबिया विद्यापीठातून घेतली.

त्यांच्या साऱ्या विचाराचे बीज मात्र त्याआधीच, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी पडले होते. तरुण एलिस अत्यंत बुजरे होते. परक्या मुलीशी बोलण्याच्या कल्पनेनेच त्यांना घाम फुटे. त्यांनी स्वतःलाच एक काम नेमून दिले. ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात रोज जायचे आणि बाकावर एकटी स्त्री दिसली की शेजारी बसून बोलायला सुरुवात करायची. महिनाभरात अशा एकशे तीस जणी भेटल्या. तीस जणी लागलीच उठून गेल्या. उरलेल्या शंभर जणींशी ते बोलले. त्यांतील एकीने पुन्हा भेटण्याचे कबूल केले आणि ती आलीच नाही. (आजच्या काळात कोणा तरुणाने हा प्रयोग करू नये, हे सांगणे माझ्या वयाच्या माणसास प्राप्तच आहे.) व्यापाराच्या भाषेत ही उलाढाल शून्य. परंतु एलिस यांनी त्यातून निराळाच जमाखर्च काढला. शंभर वेळा नकार मिळाला, तरी कोणी आरडाओरडा केला नाही, पोलिसांना बोलावले नाही, आकाश कोसळले नाही. महिन्याच्या अखेरीस भीती मात्र गेली होती.

एलिस यांनी आरंभी फ्रॉईडप्रणीत मनोविश्लेषणाचे प्रशिक्षण घेतले आणि त्याच पद्धतीने काही वर्षे उपचारही केले. रुग्ण आठवड्यातून अनेक वेळा येई, बालपणीच्या आठवणी उकलत बसे, आपले दुखणे कोठून आले हे त्याला उमगे आणि तो पूर्ववत् दुःखी राही. बँकेत काम केलेल्या माणसाला हे दृश्य ओळखीचे वाटते. कर्ज थकीत का झाले याची कारणे कर्जदार इतकी बिनचूक सांगतो की ऐकत राहावे. पण कारणे कळल्याने हप्ता भरला जात नाही. एलिस या मार्गाला कंटाळले आणि १९५५ च्या सुमारास त्यांनी स्वतःची पद्धती मांडावयास आरंभ केला. तीच पुढे ‘रॅशनल इमोटिव्ह बिहेविअर थेरपी’ या नावाने प्रसिद्ध झाली. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती म्हणतात. तिचा परिचय मराठी वाचकांना करून देण्यात मुंबईचे मानसशास्त्रज्ञ किशोर फडके यांचा वाटा फार मोठा आहे. ठाण्याचे डॉ. आनंद नाडकर्णी यांनीही व्याख्यानांतून आणि लेखनातून हे विचार घरोघर पोहोचवले, तर अंजली जोशी यांनी ‘मी अल्बर्ट एलिस’ ही चरित्रात्मक कादंबरी लिहिली आहे.

पद्धतीचा गाभा एपिक्टेटस या प्राचीन तत्त्वज्ञाकडून घेतला आहे. हा एपिक्टेटस काही काळ रोममध्ये गुलाम होता. माणसाला घटना अस्वस्थ करीत नाहीत, घटनेकडे पाहण्याची त्याची दृष्टी अस्वस्थ करते, हे त्याचे म्हणणे. एलिस यांनी त्याला व्यवहाराचे रूप दिले. समजा, दोन व्यापाऱ्यांना एकाच पार्टीचा धनादेश न वटता परत आला. रक्कम सारखी, नुकसान सारखे. एकाला राग येतो, तो वकिलाचा सल्ला घेतो, फोन करतो, पुढील माल रोखतो आणि रात्री जेवून झोपतो. दुसऱ्याला झोप लागत नाही, घरच्यांवर खेकसतो, दुकानात लक्ष लागत नाही. घटना एकच असताना परिणाम दोन, म्हणजे मधे काहीतरी आहे. ते मधले काहीतरी म्हणजे दुसऱ्याच्या मनात चाललेले न बोललेले बोलणे : ‘माझ्याशी असे व्हायलाच नको होते. लोक मला मूर्खातच काढणार. हे मला सहनच होणार नाही.’

या वाक्यांकडे जरा निरखून पाहावे. इंग्रजीत एलिस ज्या शब्दाचा आयुष्यभर पाठलाग करीत राहिले त्याचे काम आपल्या मराठीत ‘च’ हे एकच अक्षर करते. ‘मुलाने दुकानात बसावे’ ही इच्छा झाली. ‘मुलाने दुकानात बसलेच पाहिजे’ हा हुकूम झाला. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटते. हुकूम मोडला गेला तर संताप होतो, अपमान वाटतो, बोलणे बंद होते. एलिस यांचे म्हणणे असे की इच्छा हव्या तेवढ्या ठेवा, जोरकस ठेवा, त्यांच्यासाठी झटा. फक्त जगाला, दुसऱ्याला आणि स्वतःला हुकूम सोडणे थांबवा. ऐकावयास सोपे वाटते. मी एक दिवस स्वतःच्या बोलण्यातले असे ‘च’ वहीत टिपून ठेवले. संध्याकाळपर्यंत पान भरले.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहावासा वाटला त्याकडे येतो. माणसे स्वतःचे, सगळ्या स्वतःचे, एका आकड्यात मूल्यमापन करतात आणि एलिस यांच्या मते बहुतेक मानसिक क्लेशांच्या तळाशी ही सवय असते. कृतीला गुण द्यावेत, तेथे काटेकोर असावे; कृती करणाऱ्या अख्ख्या माणसाला गुण देता येत नाहीत, असे ते म्हणत. व्यापारी समाजाला हे मान्य करणे इतरांहून अवघड जाते, कारण आपल्याकडे मूल्यमापनाची एक तयार यंत्रणा आहे. तिचे नाव पत.

माझी सारी नोकरी पत मोजण्यात गेली. तीन वर्षांचे ताळेबंद, उलाढाल, शिल्लक माल, येणी-देणी, तारण, खात्याची चाल, हे सारे पाहून मर्यादा ठरवावयाची. आता त्यात सिबिलच्या ३०० ते ९०० या गुणांकाची भर पडली आहे. हे मोजमाप आवश्यक आहे आणि त्याविषयी मला यत्किंचितही संकोच वाटत नाही. ठेवीदारांचा पैसा त्यावर सुरक्षित राहतो. परंतु त्यात काय मोजले जाते? हा माणूस घेतलेले कर्ज ठरल्या मुदतीत फेडील याची शक्यता, एवढेच. तो आजारी आईची सेवा कशी करतो, नोकराच्या मुलीच्या शाळेची फी भरतो की नाही, संकटात शेजाऱ्याच्या दारी उभा राहतो की नाही, यासाठी आमच्या अर्जात रकाना नव्हता. शिवाय ताळेबंद असतो तो एका विशिष्ट तारखेचा, ३१ मार्च रोजीचा. माणूस तर रोज नवी नोंद करीत असतो. त्याचे खाते बंद करून शिल्लक काढायची कोणत्या तारखेला? पत हा व्यवहाराचा आकडा आहे. आपण तो माणसाच्या कपाळावर लिहितो आणि बहुतेक वेळा लिहिणारा तो स्वतःच असतो.

एका तालुक्याच्या गावी आमच्या शाखेचे एक भुसार व्यापारी होते. २०१५ साली तूरडाळ किरकोळ बाजारात दोनशे रुपये किलोपर्यंत गेली, हे वाचकांना आठवत असेल. पुढील हंगामात तुरीचे विक्रमी पीक आले आणि बाजारातील दर ५,०५० रुपयांच्या हमीभावाच्याही खाली गेले. चढ्या भावात माल भरून बसलेल्यांत हे गृहस्थ होते. नुकसान मोठे होते, पण बुडून जाण्याइतके नव्हते. आमच्या हिशेबाने तीन-चार वर्षांत भरून निघण्याजोगे होते. तरीही त्यांनी मार्केट यार्डात जाणे सोडले. लग्नकार्याला बायको-मुलाला पाठवू लागले. कोणी भेटायला आले तर ‘बाहेरगावी गेलेत’ असे घरातून सांगितले जाई. एका संध्याकाळी, शाखेचे व्यवहार संपल्यावर, ते मागच्या दाराने आले.

कागदपत्रांचे बोलणे झाल्यावर ते म्हणाले, “साहेब, तुरीचा भाव पडला याचं काही नाही. भाव पडायचेच. पण माझाच भाव उतरला हो.”

मी सहज विचारले, “शेठ, दोन वर्षांपूर्वी तुरीचा भाव चढला होता, तेव्हा तुमचा चढला होता का?”

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “होय साहेब. तेव्हा तसंच वाटायचं.”

एलिस यांनी नेमके हेच सांगितले आहे. यश आले म्हणून स्वतःला थोर मानणारा माणूस अपयशाच्या दिवशी स्वतःला कवडीमोल मानण्याची तयारीच करीत असतो, कारण दोन्ही ठिकाणी मोजपट्टी तीच असते. म्हणून आत्मप्रौढी वाढवण्याचे जे धडे आजकाल सर्वत्र दिले जातात, त्यांच्यावर एलिस यांचा विश्वास नव्हता. त्यांचा शब्द होता बिनशर्त आत्मस्वीकार. मी आहे, मी चुकतो, मला सुधारता येते, आणि माझ्या असण्याला कोणाचे प्रमाणपत्र लागत नाही. इतरांच्या बाबतीतही तोच न्याय. मुलाने सौदा चुकवला तर सौदा चुकला असे म्हणावे; ‘तू बिनकामाचाच’ असे म्हटले की चर्चा सौद्यावर राहत नाही आणि चूक दुरुस्त करण्याचे राहून जाते.

त्या व्यापाऱ्यांना त्यांच्या घरच्या डॉक्टरांनी शहरातील एका मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवले. ते कोणत्या पद्धतीचे होते, हे विचारण्याचे मला कारण नव्हते. परंतु त्यांनी दिलेले काम ऐकले तेव्हा पुढे वाचनात आलेले ब्राँक्सचे उद्यान मला अनोळखी वाटले नाही. पंधरा दिवस रोज सकाळी सौदे निघण्याच्या वेळी मार्केट यार्डात जाऊन उभे राहायचे. काही घ्यायचे नाही, विकायचे नाही. ओळखीचा दिसेल त्याला आपण होऊन नमस्कार करायचा. कोणी विचारले तर तोटा झाला असे सरळ सांगायचे. रात्री वहीत दोन रकाने लिहायचे : काय होईल असे वाटले होते आणि प्रत्यक्षात काय झाले. पहिल्या दिवशी ते फाटकापर्यंत जाऊन परत आले. दुसऱ्या दिवशी मुलगा बरोबर गेला. पंधरा दिवसांत तिघांनी तोट्याविषयी विचारले, एकाने पाहून न पाहिल्यासारखे केले, आणि उरलेल्यांना आपापल्या मालाची चिंता होती. हमालांनी मात्र चौकशी केली, “शेठ, तब्येत बरी हाय न्हवं?” वही त्यांनी मला दाखवली होती. पहिला रकाना लांबलचक, दुसरा दोन-दोन ओळींचा.

त्यांचा व्यापार पुन्हा पूर्वीएवढा झाला नाही. साठवणुकीचा धंदा त्यांनी सोडला आणि किरकोळीवर आले. कर्जाचे हप्ते मात्र नियमित भरले.

या शेवटच्या वाक्याला महत्त्व आहे, कारण एलिस यांच्याविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो. स्वतःला स्वीकारा म्हणजे जबाबदारी झटका, असे काहींना वाटते. आत्मस्वीकार म्हणजे कर्जमाफी नव्हे. देणे द्यावेच लागते. त्याचप्रमाणे ही पद्धती माणसाला भावनाशून्य करीत नाही. एलिस काळजी आणि धास्ती यांत, दुःख आणि खचणे यांत, खंत आणि आत्मधिक्कार यांत भेद करतात. तोटा झाल्यावर दुःख झालेच पाहिजे असे नाही, पण होणे स्वाभाविक आहे आणि ते उपयोगीही आहे. पुढील खरेदी त्यामुळे जपून होते. (वरच्या वाक्यात माझ्याकडून एक ‘च’ आलाच.) धास्ती मात्र खरेदीही करू देत नाही आणि विक्रीही.

पालटाविषयी एलिस यांची भूमिका कोणत्याही दुकानदाराला पटेल अशी आहे. नुसते समजून भागत नाही, रोज करावे लागते. जुना अविचार आपण कोठून उचलला याला गौण महत्त्व. आज आपण तो स्वतःला पुन्हा पुन्हा ऐकवीत आहोत म्हणून तो जिवंत आहे, आणि त्याला आवाजी उत्तर देऊन, त्याविरुद्ध वागून, तेही दीर्घकाळ, तो झिजवावा लागतो. म्हणून ते रुग्णांना घरी करावयाचे काम देत. लाज घालवण्यासाठी त्यांनी योजलेले काही अभ्यास मजेदार होते. भुयारी रेल्वेत बसून पुढचे स्थानक मोठ्याने ओरडून सांगायचे. केळ्याला दोरी बांधून कुत्र्यासारखे रस्त्याने फिरवायचे. आपल्याकडे केळे फिरवण्याची गरज नाही. पंगतीत कोणी “यंदा धंदा कसा?” विचारले असता, “यंदा तोट्यात आहे” असे शांतपणे सांगून पुढचा घास घ्यावा. माझ्या मते हा अभ्यास केळ्याहून कठीण आहे.

एलिस यांचे सारेच अनुकरणीय होते असे नाही. त्यांची भाषा शिवराळ होती, आणि समोरच्याचे पुरते ऐकून घेण्याआधी ते त्याच्या विचारातली चूक दाखवू लागत. १९६५ च्या एका प्रसिद्ध शैक्षणिक चित्रपटात एकाच स्त्रीशी रॉजर्स, पर्ल्स आणि एलिस या तिघांनी केलेली संभाषणे पाहावयास मिळतात. त्यात रॉजर्स यांचा जिव्हाळा एलिस यांच्यापाशी दिसत नाही. शिवाय सर्वच दुःख दृष्टीतून येते असे मानणे अन्यायाचे ठरेल. घरात छळ होणाऱ्या सुनेला ‘दृष्टी बदल’ असे सांगणे हा निव्वळ निर्दयपणा आहे. तेथे घटनाच बदलली पाहिजे. आणि जो माणूस जेवत नाही, झोपत नाही, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलतो, त्याला पुस्तक देऊ नये, विनाविलंब मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. औषध घेण्यात मधुमेहाच्या गोळीपेक्षा अधिक लाज नाही. एलिस यांना स्वतःला चाळिशीतच मधुमेह झाला होता आणि तो त्यांनी पुढील पन्नास वर्षे शिस्तीने सांभाळला.

त्यांनी १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये आपली संस्था स्थापन केली. तिच्याच इमारतीत ते राहत, पुस्तकांचे उत्पन्न तिलाच देत. दर शुक्रवारी संध्याकाळी तेथे खुले सत्र चाले. प्रेक्षकांतून कोणीही पुढे येऊन आपली अडचण सांगावी आणि एलिस यांनी सर्वांसमक्ष तिची उकल करावी, असा हा प्रघात अनेक दशके चालला. २००५ साली, वयाच्या ब्याण्णवाच्या सुमारास, संस्थेच्याच संचालक मंडळाने त्यांना मंडळावरून दूर केले. ज्याने पेढी उभारली त्याच्याच नावाची पाटी असलेल्या पेढीतून त्याला बाहेर काढावे, असे हे होते. एलिस न्यायालयात गेले आणि जानेवारी २००६ मध्ये न्यायाधीशांनी त्यांची हकालपट्टी अवैध ठरवली. तो निकाल येईपर्यंतही त्यांचे शुक्रवार चुकले नव्हते. संस्थेची जागा मिळेना तेव्हा त्यांनी शेजारच्या इमारतीत भाड्याने जागा घेतली आणि कानाला श्रवणयंत्र लावून ते तेथे बसू लागले.